घड्या घालायला माणूस हवं

नमस्कार श्रोतेहो. दिवाळी तोंडावर आली की सांगलीच्या कापड पेठेत आणि हरभट रोडवर पाय ठेवायला जागा नसते. घरी परतताना मात्र एक तक्रार हमखास ऐकू येते: "हल्ली दुकानात कुणी नीट दाखवतच नाही." तक्रार खरी आहे. पण ती कुठून येते, ते बघू.

ब्लाउजपीस धरून साडी साधारण सव्वासहा मीटरची. उलगडायला क्षण पुरतो. काठाला काठ जुळवून, जुन्याच मोडीवर परत घडी घालायला दोन मिनिटं तरी जातात. तीस साड्या दाखवल्या, तर तासभर नुसत्या घड्याच! त्यासाठी हाताखाली एखादा मुलगा असला, तर दाखवणारा गिऱ्हाइकाशी बोलत राहतो. तो मुलगा कमी केला, की ढीग साचतो, पदर चुरगळतो, जरीचे धागे ओढले जातात आणि हवा तो रंग ढिगाखाली जातो. मग "एवढंच आहे" असं तुटक उत्तर मिळतं. त्याला माज म्हणू नये. वरच्या रॅकमधलं काढलं, तर परत लावणार कोण?

दुसरी गोष्ट पायांची. गादीवर साडी दाखवताना विकणारा बसलेला असतो. काउंटरमागे तो दिवसभर उभा. पोटऱ्या भरून येतात, टाचा ठणकतात आणि नेमक्या संध्याकाळच्या गर्दीत आवाज चढतो. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांसाठी बसायची सोय कायद्याने बंधनकारक केली. आपल्या मालकांनी काउंटरमागे दोन स्टुलं ठेवावीत. गर्दी सुरू होण्याआधी सगळ्यांची जेवणं पाळीपाळीने उरकू द्यावीत. खर्च फारसा नाही.

सगळ्यात जास्त भांडणं होतात माल परत करताना. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी मालक लावतो, बोलणी काउंटरवरची मुलगी खाते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. घरी गेल्यावर रंग आवडला नाही, हा दोष नव्हे. म्हणून बिल करण्याआधी साडी दाराशी, उजेडात पूर्ण उलगडून पदर, काठ आणि ब्लाउजपीस दोघांनी मिळून बघावा. फॉल-पिको त्यानंतर. आणि मालकांनो, ठरावीक रकमेपर्यंत माल बदलून द्यायचा अधिकार काउंटरवरच्या माणसालाच द्या. "शेठ आल्यावर या" हे वाक्य गिऱ्हाईक तोडतं.

गल्ल्यात तूट आली म्हणून परस्पर पगार कापणंही चूकच. कामगाराला आधी त्याचं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते.

दुकानदार ऐकतच नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. बिल आणि दोषाचा फोटो हाताशी ठेवून फोन करा.