उभ्यानं घेतलेला घास

सकाळचे साडेनऊ. चातुर्मास सुरू आहे. गल्लीत तीन-चार दारांपुढे रांगोळ्या, आणि दारात धूतवस्त्रं नेसून उभी असलेली माणसं. कुणाच्या हातात कलश, कुणाच्या हातात नारळ, कुणाकडे नुसती फळं. नजर मात्र सगळ्यांची एकाच वळणावर.

महाराज आले. दिगंबर जैन मुनी, दिवसातला एकमेव आहार घ्यायला निघालेले. उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्याला टेकवलेली, डाव्या हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. निघतानाच त्यांनी मनाशी एक नेम धरलाय. नारळ दिसला तर थांबेन, किंवा जोडपं उभं असेल तर. याला विधी म्हणतात, आणि तो कुणालाही सांगायचा नसतो. जुळला नाही, तर निमूट माघारी. त्या दिवशी उपवास.

"नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु! अत्र तिष्ठ, तिष्ठ!"

पावलं थांबतात, आणि त्या घराचा जीव भांड्यात पडतो. तीन प्रदक्षिणा, पाटावर बसवून पाद्यपूजा, अष्टद्रव्यांची पूजा. मग मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-जल शुद्ध, असं तोंडानं सांगायचं. ही नवधा भक्ती.

'आहार-जल शुद्ध' म्हणणं सोपं नाही. चौक्यातली, म्हणजे मुनींचा आहार शिजतो त्या स्वयंपाकघरातली, बाई पहाटेपासून राबते आहे. विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून गाळलं. कापडावर राहिलेले सूक्ष्म जीव पाण्यानं अलगद खंगाळून त्याच विहिरीत परत सोडले. ती जीवाणी. मग पाणी उकळलं. कांदा, लसूण, बटाटा नाहीच. पिठालाही वय असतं: हिवाळ्यात 7 दिवस, उन्हाळ्यात 5, पावसाळ्यात फक्त 3.

महाराज उभे राहतात, दोन्ही तळव्यांची ओंजळ करतात. ताट नाही, वाटी नाही. एक जण घास बोटांनी चिवडून तपासतो, दुसरा ओंजळीत ठेवतो. केस निघाला, मुंगी निघाली, तर अंतराय, म्हणजे आहारातलं विघ्न. ओंजळ सुटते, आहार तिथंच संपतो. आता पाणीसुद्धा उद्याच. महाराजांच्या चेहऱ्यावर रेष हलत नाही. रडू कोसळतं ते वाढणाऱ्यांना.

उभ्यानंच का? मुनींच्या 28 मूलगुणांत, म्हणजे त्यांनी पाळायच्या मूळ व्रतनियमांत, तसा नियमच आहे. पाय शरीराला पेलतात आणि हातांची ओंजळ जुळते, तोवरच त्याला अन्न द्यायचं.

विसाव्या शतकातले दिगंबर मुनी आचार्य शांतिसागर महाराज यांची दृष्टी अधू होत गेली. पायाखालचा जीव दिसेना, तर मुनिधर्म पाळायचा कसा? 1955 साली त्यांनी कुंथलगिरी या जैन तीर्थावर सल्लेखना घेतली, म्हणजे अन्नपाणी सोडत जाऊन शांतपणे मरण स्वीकारण्याचं व्रत. 36 दिवसांनी, 18 सप्टेंबरला, देह ठेवला. ज्या ओंजळीनं आयुष्यभर दिवसातून एकदाच घेतलं, ती त्यांनी स्वतःहून मिटली.

इकडे चौक्यात आज अंतराय आला नाही. महाराजांचे हात धुतले जातात. कमंडलूत उकळलेलं पाणी भरलं जातं. पिंछी हातात घेऊन ते वळणाआड जातात, आणि मग कुठे त्या घरातली पानं वाढली जातात.