डब्लिनमध्ये पबला जाताना

नमस्कार मंडळी. विषय ऐकून मागच्या रांगेतले काका लोक जरा सरसावून बसले आणि काकूंच्या भुवया वर गेल्या, मला इथून सगळं दिसतंय, म्हणून आधीच सांगून टाकतो की आज मी जे बोलणारे ते न पिणाऱ्यांच्याही कामाचं आहे, कदाचित त्यांच्याच जास्त. कारण काय होतं, आपला माणूस या शहरात नवीन येतो, आयटीवाला असेल, नर्स असेल, मास्टर्स करायला आलेला पोरगा असेल, आणि पहिल्याच शुक्रवारी ऑफिसातले लोक विचारतात, येतोस का आमच्याबरोबर. मग हा एकतर काहीतरी कारण काढून घरी पळतो, नाहीतर शनिवारी स्वतःच टेंपल बार या टुरिस्टांच्या भागात जाऊन खिसा रिकामा करून येतो आणि म्हणतो, बघितला बुवा आयरिश पब.

टेंपल बारला जाऊ नका असं मी म्हणणार नाही, एकदा जा, तो लाल पब दिसेल, फोटो काढा आणि निघा. तिथे एका पिंटला, म्हणजे बियरच्या मोठ्या ग्लासला, दहा युरोच्या आसपास जातात, तीच पिंट बाहेर साधारण सहा-सातला मिळते, आणि आजूबाजूला सगळे तुमच्यामाझ्यासारखे पाहुणेच. पाच मिनिटं चाललात, डेम स्ट्रीट ओलांडलीत, की फूटपाथवर मोझेइकमध्ये एक हरणाचं डोकं दिसेल, शेजारी अंधारा बोळ, त्यात शिरायचं. आत स्टॅग्ज हेड. आजचं रूप १८९५ चं, लाकूड, रंगीत काचा, आरसे, वर भिंतीवर शिंगवाला सांबरासारखा प्राणी तुमच्याकडे बघत असतो. तिथून लाँग हॉल दोन मिनिटांवर, तोही व्हिक्टोरियन, झुंबरंबिंबरं, अगदी थाटामाटाचा. माझं ऐकाल तर एका रात्रीत तीन पब पुरे, आणि तिन्ही चालत. लोक बारा पबांची यादी घेऊन निघतात, मला त्यात काही मजा वाटत नाही, सहाव्यानंतर कुठल्या पबात आहोत हेच कळत नाही.

आता हे पब इतके जुने कसे टिकले, हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा. याच्यामागे कायदा आहे. १९०२ साली, ब्रिटिश राज्य असताना, इथे नवीन पबचं लायसन देणं जवळजवळ बंद केलं. नवीन पब काढायचाय तर जुन्याचं लायसन विकत घेऊन ते रद्द करायचं. तत्त्व अजून तेच आहे, नियम नंतर सैल झाले एवढंच. म्हणजे लायसन हीच मोठी इस्टेट झाली, पब हातोहात विकला जातो पण बंद सहसा होत नाही, निदान शहरात तरी, आणि आतलं जुनं सामान तोडायची घाई कुणाला नसते. खेड्यातली गोष्ट वेगळी आहे, तिथे पब धडाधड बंद पडतायत, तो विषय आज नको.

साउथ ॲन स्ट्रीटवर किहोज आहे, तिथे मात्र निवांत बसा, कारण पूर्वी पब काय होता ते तिथे नुसत्या नजरेने कळतं. काउंटरच्या मागे लाकडाचे छोटे छोटे ड्रॉवर आहेत ओळीने, आपल्याकडे जुन्या वाण्याच्या दुकानात मसाल्यांचे असायचे ना, तसे. कारण ते दुकानच होतं. एका बाजूला चहा, साखर, किराणा, दुसऱ्या बाजूला बियर आणि व्हिस्की, मालक वरच्या मजल्यावर राहायचा. आता ते वरचं घर पण पबात गेलंय, जिना चढून गेलात की दिवाणखान्यात बसून पिताय असंच वाटतं. आणि दारातून आत आल्याआल्या एक छोटी खोली आहे, लाकडी पार्टिशनची, त्याला स्नग म्हणतात. चारपाच माणसं कशीबशी मावतात. आतून एक खिडकी थेट काउंटरला उघडते, त्यातून ऑर्डर द्यायची, बाकीच्या पबला तुम्ही दिसत नाही. हे कुणासाठी? बायकांसाठी, फादरसाठी, पोलिसासाठी, म्हणजे ज्यांना प्यायची होती पण दिसायचं नव्हतं अशा सगळ्यांसाठी. १९७० च्या दशकापर्यंत कित्येक पबांमध्ये बाईला अख्खी पिंट द्यायचेच नाहीत, अर्धी घ्या म्हणायचे. त्यावर नेल मॅकॅफर्टी या पत्रकार बाईंचा किस्सा इथे अजून सांगतात, बायकांचा घोळका घेऊन गेल्या, ब्रँड्यांची मोठी ऑर्डर दिली, सगळ्या ओतून झाल्यावर एक पिंट मागितली, पबवाल्याने नाही म्हटलं, मग यांनी पण ब्रँड्यांचे पैसे द्यायला नाही म्हटलं. आज त्याच स्नगसाठी संध्याकाळी पाचपासून मारामारी असते.

पिंटकडे येऊ. गिनेस, म्हणजे इथली काळी बियर, मागितलीत की बारटेंडर ग्लास तिरका धरून पाऊण भरतो आणि बाजूला ठेवून दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे जातो. आपला नवखा माणूस इथे हात पुढे करून तो ग्लास उचलतो, कृपा करून उचलू नका, अख्खा बार बघतो. ती निवळत असते. कंपनीचा स्वतःचा आकडा ११९.५ सेकंद आहे, आता तो कोण मोजतं देव जाणे, पण तेवढा वेळ काचेकडे बघत बसा, बुडबुडे खाली जाताना दिसतील. वर जायचे सोडून खाली. यावर लिमरिक युनिव्हर्सिटीच्या गणितज्ञांनी २०१२ मध्ये पेपर लिहिलाय खरोखर! ग्लास वरती रुंद असतो त्यामुळे मधून बियर वर चढते आणि काचेच्या कडेने खाली उतरते, नायट्रोजनचे बुडबुडे इतके बारीक की त्या कडेच्या प्रवाहाबरोबर तेही खाली ओढले जातात. मग बारटेंडर परत येतो, वरचा भाग भरतो, पांढरा फेस काठाच्या किंचित वर येतो, आणि तुमच्यापुढे सरकवतो. तेव्हा घ्यायची.

शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट. पूर्वी गिनेस गाळायला माशाच्या फुग्यापासून केलेला आयसिंग्लास वापरायचे, २०१५ मध्ये कंपनीने ते थांबवणार असं जाहीर केलं आणि पुढच्या दोनतीन वर्षांत थांबवलं सुद्धा. तेव्हा तो प्रश्न मिटला. खायला म्हणाल तर साउथ विल्यम स्ट्रीटवरच्या ग्रोगन्स या पबात टोस्टी, म्हणजे भाजलेलं सँडविच, मिळतं, चीज, टोमॅटो, कांदा असं सांगा, हॅम नको हे स्पष्ट सांगा. तिथे टीव्ही नाही, म्युझिक नाही, भिंतीवरची चित्रं विकायला असतात आणि निम्मे लोक बाहेर फूटपाथवर उभे असतात. मार्च २००४ मध्ये आत सिगरेटला बंदी आली, देशभर अशी बंदी करणारा आयर्लंड हा पहिला देश, तेव्हापासून अर्ध्या गप्पा बाहेरच चालतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, राउंड. इथे टीटीएमएम चालत नाही. पाच जण गेलात तर एकजण पाचांचं आणतो, मग दुसरा, मग तिसरा. चार पिंटा दुसऱ्यांच्या प्यायल्या आणि स्वतःची पाळी आली तेव्हा बाथरूमला गेला, असा माणूस या देशात चोरापेक्षा वाईट, नाव कायमचं खराब होतं, आणि ऑफिसात ते पसरतं. तुम्ही पीत नसाल तर काही बिघडत नाही, झीरोवाली, म्हणजे बिनअल्कोहोलची गिनेस घ्या, कोक घ्या, पण राउंडमध्ये आहात की नाही हे सुरुवातीलाच सांगा, मी आज एकटाच घेतो म्हटलं तर कुणी मनावर घेत नाही. पाच पिंटा झेपत नसतील तर ग्लास मागा, ग्लास म्हणजे इथे अर्धी पिंट. आणि लवकर निघायचं असेल तर आपला राउंड आधी घेऊन टाकायचा.

गाणंबजावणं ऐकायचंय तर लुआसची, म्हणजे इथल्या ट्रामची, रेड लाइन पकडून स्मिथफील्डला उतरा, तिथे कॉबलस्टोन नावाचा पब आहे. स्टेज नाही, तिकीट नाही, कोपऱ्यात वादक गोल करून बसतात, फिडल, कॉन्सर्टिना, कोपराने हवा भरायचे ते पाइप्स, आणि आपल्यासाठी वाजवतच नाहीत ते, एकमेकांसाठी वाजवतात, आपण फक्त शेजारी बसायचं. त्यांच्या खुर्च्यांवर बसू नका, फर्माईश करू नका, आणि कुणी साथीशिवाय एकट्याने गायला लागलं की तोंड बंद. २०२१ मध्ये तिथे नऊ मजली हॉटेल करायचा प्लॅन आला होता, लोकांनी शवपेटी खांद्यावर घेऊन मोर्चा काढला, आणि महापालिकेने परवानगी नाकारली. म्हणून अजून चालू आहे.

आपला एक संबंध सांगायचा राहिला. १९२७ पासून गुड फ्रायडेला इथे सगळे पब बंद असायचे. तो कायदा २०१८ मध्ये बदलला, नव्वद वर्षांनी, आणि तेव्हा पंतप्रधान कोण, तर लिओ वराडकर, ज्यांचं मूळ गाव मालवणजवळचं वराड. कायदा संसदेने केला हो, मालवणने नाही, पण सांगायला बरं वाटतं.

शेवटी पब बंद व्हायच्या वेळा, रात्रीच्या. सोमवार ते गुरुवार साडेअकरा, शुक्रवार-शनिवार साडेबारा, रविवारी अकरा, वर अर्धा तास ग्लास संपवायला, मग दिवे उघडझाप करतात आणि घरी जा म्हणून ओरडतात, ते रागाने नसतं. आणि गाडी नेऊ नका. इथे गाडी चालवताना अल्कोहोलची साधी मर्यादा रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम, पण लर्नरवाल्यांना आणि नवीन लायसन मिळाल्यावर पहिली दोन वर्षं फक्त २०, आणि या हॉलमधले निम्मे लोक सध्या त्याच यादीत आहेत, भारतात वीस वर्षं चालवली असली तरी.