खानापूरच्या वाटेवर दोन सायकली

(दृश्य: बेळगावातली टिळकवाडी, उजाडायच्या आधी. अंगणात दोन सायकली, शेजारी हवेचा पंप.)

नवराबायको दोघं एकाच वाटेनं निघाले, तरी दोघांच्या चाकांत सारखीच हवा भरून चालत नाही. ३५ मिलिमीटर रुंद टायरवर साठ किलोचा माणूस बसणार असेल, तर मागच्या चाकाला ५० पीएसआयच्या (पंपावरचं हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा पुरते, पुढच्याला पाचनं कमी. ऐंशी किलोला आणि कॅरियरवर सामान असेल तर ६० पर्यंत न्या. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा. तेवढी हवा भरली की प्रत्येक खडा थेट मनगटात पोहोचतो.

सीटची उंची तपासा. पॅडल तळाला, त्यावर टाच, आणि गुडघा सरळ. सीट खाली राहिली की दहा-पंधरा किलोमीटरनंतर गुडघा पुढून दुखू लागतो.

(दृश्य: पिरनवाडीचा फाटा.)

इथं जांबोटी-चोर्ल्याचा रस्ता उजवीकडे फुटतो. आपण सरळ, मच्छेमार्गे. बेळगावहून खानापूर साधारण २६ किलोमीटर. रस्ता चौपदरी आणि गुळगुळीत, पण पांढऱ्या पट्टीबाहेर खडी, काचा, विटांचे तुकडे साचलेले असतात. गप्पा मारायला शेजारी-शेजारी चालवण्याचा मोह इथं टाळाच. एकामागे एक चला, आणि ज्याचा वेग कमी त्याला पुढे ठेवा. मागचा आपोआप जुळवून घेतो. उलट केलं की मागे पडलेलं माणूस गाठायच्या नादात दमून जातं.

(दृश्य: देसूरजवळ रूळ, मालगाडी जाते आहे.)

लोंढ्याकडे जाणारी रेल्वे देसूर, इदलहोंड, खानापूर अशी जाते. जड गाडी ओढायची म्हणून रुळांचा चढ बेताचा ठेवावा लागतो: उंचवटा आला की खोदाई, खोलगट भाग आला की भराव. परदेशात बंद पडलेल्या मार्गांचे रूळ काढून सायकलवाटा केल्या, त्या चालवायला सोप्या वाटतात त्या यामुळेच. आपली लाइन मात्र चालू आहे. रुळांच्या कडेनं सायकल दामटणं जिवावर बेतू शकतं, आणि रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हाही आहे.

फाटक ओलांडतानाही जपा. रुळाच्या आतल्या बाजूची खाच टायर गिळेल एवढी रुंद असते. रस्ता तिरका असला तर हँडल थोडं वळवून रूळ काटकोनातच पार करा. पावसात ओलं लोखंड फार निसरडं. त्यावर असताना ब्रेक नको, पॅडलवर जोरही नको. सगळ्यात बरं म्हणजे उतरून चालत जा.

(दृश्य: खानापूरजवळचं असोगा, मलप्रभा नदीचं पात्र, खडक.)

कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा इथं अजून लहान वाटते. खानापुरात उप्पीट-चहा घेऊन रामलिंगेश्वराच्या देवळाकडे यावं. सायकली वरच ठेवा, काठावरच्या शेवाळावरून बूट घसरतात.

(दृश्य: जवळून, टायरच्या आत फिरणारं फडकं.)

गावरस्त्यावर पंक्चर बहुतेक बाभळीच्या काट्याचं. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून सुती फडकं फिरवा. काटा असेल तिथं धागा अडकतो, आणि बोट कापत नाही. तो काढला नाही तर नवी ट्यूबही दोन किलोमीटरमध्ये पंक्चर होते. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर काटा शोधू नका. हवा कमी होती, खड्ड्यात रिमनं ट्यूब चिमटली. दोघांच्या चाकांचं माप वेगळं असेल तर प्रत्येकाच्या पिशवीत त्याच्याच मापाची ट्यूब हवी. पंप आणि पान्हे एकच पुरेत.

खानापूर बेळगावपेक्षा सुमारे शंभर मीटर खाली आहे. म्हणजे येताना एकंदरीत चढ, तोही उन्हात. ताशी अर्धा लिटर पाणी धरा, गियर हलका ठेवा. मार्चनंतर नऊच्या आत खानापूर सोडा.