पंच, फासे आणि मोकळीक

मित्रहो, डंजन्स अँड ड्रॅगन्स किंवा तसा कुठलाही रोलप्लेइंग खेळ, म्हणजे प्रत्येकाने एखाद्या पात्राची भूमिका घेऊन टेबलाभोवती खेळायचा गोष्टीचा खेळ, खेळणाऱ्यांत एक वाद हमखास पेटतो. नियमपुस्तक एक सांगतं, गेम मास्टर, म्हणजे गोष्ट पुढे नेणारा आणि निकाल देणारा पंच, दुसरंच सांगतो. मग ऐकायचं कुणाचं? हा वाद या खेळांपेक्षा कितीतरी जुना आहे. तो पहिल्यांदा झाला प्रशियाच्या सैन्यात.

१८२४ साली राइसविट्झ या तोफखान्यातल्या तरुण अधिकाऱ्याने ‘क्रीगश्पील’ म्हणजे युद्धखेळाचे नियम छापले. वडिलांनी सुरू केलेलं काम त्याने पुरं केलं. १:८००० प्रमाणाचा नकाशा, दोन मिनिटांची एक फेरी, फासे आणि हानी मोजायची कोष्टकं. दोन्ही बाजूंचे अधिकारी आपले हुकूम लिहून पंचाकडे द्यायचे आणि पंच ज्याच्या सैनिकांना जेवढं दिसेल तेवढंच त्याला दाखवायचा. सरसेनापतींच्या कार्यालयाचे प्रमुख म्युफ्लिंग यांना हा खेळ इतका पटला की त्यांनी तो साऱ्या सैन्याला सुचवला. पण कोष्टकं चाळण्यात वेळ जाई आणि लढाई रेंगाळे. १८७६ साली फेर्डी दु व्हेर्नुआ याने त्यावर जालीम उपाय मांडला: फासे नकोत, कोष्टकं नकोत, निकाल पंचाने द्यावा.

या प्रसंगाचा अर्थ पुष्कळदा उलटा लावला जातो, म्हणून इथे जरा थांबतो. ‘बघा, नियम काढले आणि खेळ मोकळा झाला,’ असं लोक म्हणतात. पण नियम काढून टाकणारा हा माणूस होता कोण? १८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात तो प्रशियाचे सेनानी मोल्टके यांच्या हाताखाली काम करत होता. घोडदळ उघड्या माळावर तोफांसमोर गेलं तर काय होतं, हे त्याला कोष्टकात शोधावं लागत नव्हतं. समोर बसलेले खेळाडूही लष्करातलेच. निकाल वावगा वाटला तर त्यांना तो लगेच कळला असता. कोष्टकाची जागा मर्जीने घेतली नव्हती, अनुभवाने घेतली होती. आणि तो अनुभव टेबलाच्या दोन्ही बाजूंना होता.

आता आपल्या टेबलाकडे या. ड्रॅगन कुणीच पाहिलेला नाही. मग गेम मास्टरने निकाल कशाच्या आधारावर द्यायचा?

युद्धखेळ अमेरिकेतही पोचला. टॉटन या लष्करी अधिकाऱ्याचं ‘स्ट्रॅटेगोस’ १८८० सालचं. जवळजवळ नव्वद वर्षांनी ते मिनेसोटातल्या डेव्हिड वेसलीच्या हाती लागलं, आणि पंच असेल तर खेळाडूला काहीही करून पाहता येतं ही कल्पना त्याने तिथून उचलली. १९६९ साली त्याने ब्राउनश्टाइन या काल्पनिक गावातला डाव मांडला आणि मित्रांना गावातल्या माणसांच्या भूमिका वाटल्या. मित्र एकेक करून त्याला बाजूला घेऊन आपले बेत सांगू लागले. दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं. द्वंद्वाचा नियमच नव्हता, वेसलीने तो जागच्या जागी ठरवला. डाव फसला असं त्याला वाटलं. मित्रांना मात्र तसाच आणखी एक हवा होता. त्याच मंडळींतल्या डेव्ह आर्नसनने पुढे गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स आणला. त्या तीन पुस्तिकांचा शेवटच मुळी वाचकाला ‘पुढचं तुम्हीच ठरवा’ असं सुचवतो. स्पर्धा भरू लागल्या तेव्हा तेवढ्यावर भागेना. एकच तळघर दहा टेबलांवर खेळायचं आणि गुणांची तुलना करायची, तर निकाल सारखे हवेत. मग जाडजूड ॲडव्हान्स्ड आवृत्ती आली. दोन्ही गरजा खऱ्याच होत्या.

माझं मत स्पष्ट आहे. गेम मास्टरला पूर्ण मोकळीक हवी, पण फासा पडण्याच्या आधी. खेळाडू म्हणतो, ‘मी दरीवरून उडी मारतो.’ तेव्हाच सांगा: दरी एवढी रुंद आहे, चिलखत अंगावर आहे, वीस बाजूंच्या फाशावर पंधराच्या खाली पडलं तर तू कडेला लोंबकळशील आणि ढाल खाली जाईल. आता त्याला चिलखत उतरवता येईल, दोर मागता येईल, माघारही घेता येईल. एकदा फासा पडला की मात्र तुमचा अधिकार संपला. गोष्ट रंगावी म्हणून पडद्याआड आकडा बदललात, तर त्या खेळाडूचा निर्णय तुम्ही हिरावून घेतलात, मग तुमचा हेतू कितीही चांगला असो. ड्रॅगनबद्दल अनुभव नसला तरी टेबलावर आधी बोललेलं सगळं आपल्याकडे असतं: मागच्या वेळी दरी किती रुंद होती, दोर कुणाकडे होता. आपल्या निकालाला आधार तोच.

२०१० साली आलेल्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या रोलप्लेइंग खेळाने तर गेम मास्टरने काय बोलावं, कधी बोलावं, कोणत्या तत्त्वांनी चालावं, हेच नियमांत बसवलं. अनेकांना ते जाचक वाटलं. मला ते फार मोलाचं वाटतं, कारण पंचही टेबलावरचा एक खेळाडू आहे हे त्यात मान्य केलेलं आहे.

(श्रोत्यांतून प्रश्न आला: खेळ रंगात असताना नियम आठवत नसेल तर पुस्तक उघडायचं का?)

नाही. मिनिटभरात सापडणार नसेल तर तिथल्या तिथे निकाल द्या, पण ‘हा आजपुरता’ असं मोठ्याने सांगा आणि वहीत टिपून ठेवा. डाव संपल्यावर सगळ्यांसमोर पुस्तक उघडा. पुस्तकातला नियम पटला तर पुढच्या खेपेपासून तो चालवा. आपला निकाल सगळ्यांना बरा वाटला तर तोच कायम करा. एक पथ्य पाळा: एखाद्याचं पात्र मरणार असेल, तर मात्र तेवढ्यापुरता खेळ थांबवून नियम शोधाच.