मगरीच्या पुलाशी उतरणारे प्रवासी

अध्यक्षमहोदया आणि मित्रहो,

गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या साडेचार वर्षांच्या नातीला घेऊन बडोद्याच्या दांडिया बाजारातून बसने कमाटीबागेत निघालो होतो. बस थांबली तेव्हा तिची पहिली पायरी नातीच्या मांडीच्या वर येत होती, म्हणून मी आधी तिला उचलून आत ठेवले आणि मग दांड्याला धरून स्वतःला वर ओढले. आमच्यामागे एक बाई कडेवर तान्हे मूल आणि हातात पिशवी घेऊन तेच करत होत्या. आत गेल्यावर थांब्यांची नावे नातीला वाचता येत नव्हती, कंडक्टरचा पुकारा हॉर्नच्या आवाजात विरत होता, आणि तरीही वेळेवर तीच मला म्हणाली, “आजोबा, मगरीचा पूल आला, आता आपलं उतरायचं.” विश्वामित्री नदीच्या पुलावरून तिला कधीतरी कुणीतरी मगर दाखवली होती, आणि तेवढ्या एका खुणेवर तिने आपल्या मनातला बसमार्ग बसवून घेतला होता.

शहराची सार्वजनिक वाहतूक एखाद्या कल्पनेभोवती गुंफून ती मुलाबाळांना, वडीलधाऱ्यांना आपलीशी कशी करावी, हा आजचा विषय आहे, आणि मला त्याबद्दल जे सांगायचे आहे त्याचा उगम नातीच्या त्या एका वाक्यात आहे. आपल्याकडे ‘थीम’ म्हटले की रंगीत चित्रे, कार्टून आणि दिव्यांची रोषणाई डोळ्यांसमोर येते. माझे म्हणणे असे की, थीमने प्रवाशाचे काहीतरी काम केले पाहिजे, म्हणजे त्याला वाट दाखवली पाहिजे किंवा विसावा दिला पाहिजे. ज्या सजावटीने यातले काहीच होत नाही, तिच्यावर शहराचा पैसा खर्च होऊ नये.

हाँगकाँगमध्ये २००५ साली डिस्नेलँडकडे जाणारी एक छोटी मेट्रो मार्गिका सुरू झाली. तिच्या गाड्यांच्या खिडक्या आणि उभ्याने धरायच्या कड्यासुद्धा मिकी माउसच्या आकाराच्या आहेत. तेथे ते शोभते, कारण त्या गाडीतला जवळजवळ प्रत्येक माणूस एकाच आनंदासाठी निघालेला असतो. शहरातल्या बसचे तसे नसते. तिच्यात शाळेत जाणारे मूल असते, कामावर जाणारी आई असते, आणि सयाजीराव रुग्णालयात दाखल असलेल्या भावासाठी डबा घेऊन निघालेला माणूसही असतो. त्या माणसाला भिंतीवरून कुणी दात दाखवून हसत असेल तर ते बरे नाही. जी कल्पना दुःखात असलेल्या प्रवाशालाही खुपणार नाही, तीच सार्वजनिक वाहतुकीला योग्य, असे मी मानतो.

या कसोटीला उतरलेले मला माहीत असलेले सर्वांत उत्तम उदाहरण मेक्सिको सिटीचे आहे. तेथील मेट्रो १९६९ साली सुरू झाली, तेव्हा शहरातल्या पुष्कळ लोकांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून लान्स वायमन या संकल्पनकाराच्या देखरेखीखाली प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्रखूण देण्यात आली. चापुल्तेपेक या नावाचा अर्थ नाकतोड्याची टेकडी असा आहे, म्हणून त्या स्थानकाची खूण नाकतोडा. पिनो सुआरेझ स्थानकाच्या खोदकामात अझ्टेकांचे एक लहान देऊळ सापडले, म्हणून तेथे देवळाची आकृती. नकाशावर, फलकावर, फलाटावर सगळीकडे तीच खूण दिसते. निरक्षरांची सोय म्हणून जे केले त्याने मुलांची, परक्यांची आणि घाईत असलेल्यांचीही सोय झाली, आणि शहराचा इतिहास रोजच्या प्रवासात येऊन बसला.

आता आपल्या बडोद्याकडे पाहा. कमाटीबागेच्या दाराशी सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे आणि त्या चौकाला सगळे शहर ‘काळा घोडा’ म्हणते. म्हणजे चित्रावरून थांबा ओळखण्याची रीत लोकांनी आपणहून कधीच पाडून ठेवली आहे. आपण ती फक्त फलकावर आणायची आहे. काळ्या घोड्याला घोडा आणि पुलाला मगर. बागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे, ज्याच्यासमोर उभे राहिलेले मूल क्षणभर बोलायचे थांबते. तेव्हा संग्रहालयाच्या थांब्याला देवमासा. मांडवीला तिच्या कमानी, सुरसागर तलावाला पाण्याची लाट, आणि प्रतापनगरला अरुंद मापाचे छोटे इंजिन. या शेवटच्या खुणेमागे मोठी गोष्ट आहे, कारण खंडेराव गायकवाडांच्या काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम असा आठ मैलांचा अरुंद रुळांचा मार्ग तयार झाला आणि त्यावर सुरुवातीला गाड्या बैल ओढत होते. वाफेची इंजिने नियमित धावू लागली ती बऱ्याच वर्षांनी. थांब्यावर उभ्या असलेल्या मुलाला बैलांनी ओढलेल्या आगगाडीची गोष्ट सांगायला आजीला दहा मिनिटे पुरतात, आणि बसची वाट पाहण्यातली ती दहा मिनिटे सुखाची होतात.

या खुणांचा उपयोग केवळ मुलांना नाही. माझी मावसबहीण रत्नागिरीहून आली की देवनागरी फलक शोधत राहते, कारण शिरोरेषा नसलेली गुजराती अक्षरे तिला चालत्या बसमधून लागत नाहीत. घोडा मात्र तिला कोणत्याही वेगात ओळखू येईल.

चित्राने शिकवण्याची परंपरा या शहराला नवी नाही. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभारले, पेट्यांतून गावोगाव पुस्तके पाठवली, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्याच खात्यात चित्रे आणि जादूच्या दिव्याने (मॅजिक लँटर्नने) पडद्यावर पाडलेल्या प्रतिमा दाखवणारी शाखा ठेवली. पुढे आपल्या विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेच्या जत्रांसाठी के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या थोर कलावंताने लाकडी खेळणी घडवली. मुलांसाठी केलेले काम त्यांनी कधी दुय्यम मानले नाही. थांब्यांच्या खुणा त्याच गांभीर्याने, त्याच विद्याशाखेतल्या तरुण हातांनी काढल्या जाव्यात, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

परंतु चित्रे लावून पायरी तेवढीच उंच राहिली, तर कुटुंब रिक्षाच करील. आपल्या देशातील शहरी बसच्या मानकांत साध्या बसची फरशी ९०० मिलिमीटर उंच असते, अर्ध-निम्नतल (सेमी लो-फ्लोअर) बसची ६५० आणि निम्नतल (लो-फ्लोअर) बसची ४००. या ५०० मिलिमीटरच्या फरकात गुडघे दुखणारी आजी घरी राहते की बाहेर पडते, हे ठरते. त्यानंतरचा प्रश्न सावलीचा. मे महिन्यात येथे पारा चाळिसाच्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या छपराखाली तान्हे मूल घेऊन वीस मिनिटे उभे राहणे ही शिक्षा आहे. बुलेट ट्रेनच्या बडोदे स्थानकाचा आराखडा वडाच्या झाडावरून सुचलेला आहे आणि वटपद्रक हे जुने नाव असलेल्या शहराला ते साजेसे आहे. बसथांब्यांसाठी मात्र मला खराच वड हवा, आणि त्याच्याभोवती बसायला पार हवा. पारावर म्हातारा माणूस पाठ टेकतो, मूल खाली-वर उड्या मारते, बाई पदर घेऊन बाळाला पाजू शकते आणि कुणालाही तेथून उठवले जात नाही. जेथे रस्ता अरुंद आहे तेथे वड मावणार नाही, तेथे निंब लावावा. जवळ पिण्याचे पाणी आणि स्वच्छ शौचालय असावे, हे वेगळे सांगायला नको.

सुरुवात एकाच मार्गाने करावी: रेल्वे स्थानकापासून काळा घोडा, रावपुरा, सुरसागर करत मांडवीपर्यंत. फलक ओतण्याआधी खुणा पुठ्ठ्यावर कापून बालवाडीतल्या मुलांपुढे ठेवाव्यात. ज्या खुणेला मुले तीन वेगवेगळी नावे देतील ती बाजूला काढावी; मग ती काढणारा कितीही नामांकित असो. आणि प्रत्येक थांब्याच्या खांबावर खूण दोनदा रंगवावी, एक मोठ्यांच्या नजरेच्या उंचीवर आणि दुसरी जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर, म्हणजे आईचे बोट धरून उभ्या असलेल्या मुलाला ती मान वर न करता दिसेल आणि तिच्यावरून हातही फिरवता येईल.