किती टक्के भरायचं?

नमस्कार श्रोतेहो. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईत रबाळे-महापेच्या पट्ट्यात एखादा प्लास्टिकचा भाग थ्रीडी प्रिंट करून घ्यायला गेलात, तर तुम्हाला हमखास विचारतील, "इन्फिल किती ठेवू?" आपल्या तोंडून पटकन निघतं, "मजबूत हवाय, पूर्ण भरा." त्यात पैसे जातात, मशीनचा वेळ जातो आणि भाग तरीही तुटू शकतो. तो का तुटतो, ते आज सांगायचं आहे.

प्रिंटर वितळलेल्या प्लास्टिकची बारीक रेघ थरावर थर घालत जातो. रेघेची रुंदी साधारण 0.4 मिलिमीटर. कडेने दोन-तीन रेघांची भिंत, तळाला आणि माथ्यावर काही भरीव थर, आणि आत जाळी. ही जाळी म्हणजे इन्फिल. बऱ्याच स्लायसरमध्ये, म्हणजे वस्तूचे थर पाडून प्रिंटरला सूचना देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ती मुळातच 15 ते 20 टक्के ठेवलेली असते.

आता वस्तू वाकते तेव्हा काय होतं? एक बाजू ताणली जाते, समोरची दाबली जाते, आणि मधल्या गाभ्याला फारसं काम उरत नाही. घोडबंदर रोडला परांचीचे बांबू बघा. आत पोकळ, तरी माणसांचं वजन पेलतात, कारण सगळा माल कडेला आहे. आतले पेरांचे पडदे फक्त ती कड चेपू देत नाहीत. इन्फिलचं मुख्य काम तेच.

आकड्यांत सांगतो. 20 मिलिमीटर चौरस छेदाची लांब दांडी घ्या, आत काहीच नाही. दोन रेघांच्या भिंतींना भरीव दांडीच्या 15 टक्के प्लास्टिक लागतं आणि न वाकण्याची ताकद मिळते 28 टक्के. चार रेघा केल्या, तर प्लास्टिक 29 टक्के, ताकद 50 टक्के. हेच वाढीव प्लास्टिक आतल्या जाळीत घातलं, तर हिशेब अगदी सढळ धरूनही ताकदीतली वाढ भिंतींमुळे मिळालेल्या वाढीच्या निम्म्याहून थोडीच जास्त भरते. इंजिनिअरिंगची मुलं 'मोमेंट ऑफ इनर्शिया' म्हणून जे सूत्र पाठ करतात, ते हेच. कॉलेजांनी ते फळ्यावर न ठेवता अशी दांडी मुलांच्या हातात द्यावी, असं मला फार वाटतं.

म्हणून आधी भिंती वाढवा. स्क्रूच्या भोकाभोवतीही तेच, कारण भोकाला स्वतःची भिंत असते आणि स्क्रूचे आटे तिलाच धरतात.

जाळी वाढवायची ती दाब येणार असेल तिथे. मशीनच्या पायाखालचा ठोकळा असेल, तर 40-50 टक्के जरूर ठेवा. नक्षीही पाहून निवडा. 'लायटनिंग' नावाची नक्षी फक्त माथ्याच्या थरांना टेकू देते, ताकदीसाठी ती नाहीच. 'जायरॉइड' ही लाटांसारखी नक्षी सगळ्या दिशांना जवळपास सारखीच टिकते. हा पृष्ठभाग ॲलन शोएन यांनी नासात काम करताना शोधला आणि 1970 साली मांडला.

पण टक्क्यांनी मुळीच न सुटणारी गोष्ट म्हणजे थरांची दिशा. खिडकीच्या ग्रिलला अडकवायचा हूक उभा छापला, तर प्रत्येक थर आडवा बसतो आणि पिशवीचं वजन नेमकं थर एकमेकांपासून सोडवायला बघतं. शंभर टक्के भरलेला हूकसुद्धा तिथे कचकन तुटतो. तोच हूक आडवा, कुशीवर झोपवून छापा. मग रेघा वाकणाच्या बाजूने वळत जातात आणि ओढ रेघेच्या लांबीवर येते. खर्च तेवढाच, कदाचित कमीच. तेव्हा भाग देताना त्यावर ओझं कुठून येणार, ते हाताने दाखवा. छापणाऱ्याला टक्क्यांपेक्षा त्याची गरज जास्त आहे.

आणि सध्या पाऊस असेल, तर फिलामेंट, म्हणजे प्रिंटरला पुरवली जाणारी रिळावरची प्लास्टिकची तार, कोरडं आहे का, तेही विचारा. आपल्याकडच्या दमट हवेत ते पाणी ओढून घेतं, नायलॉन तर फारच. छापताना त्या पाण्याची वाफ होते, रेघेत बुडबुडे येतात, थर नीट चिकटत नाहीत. नायलॉनचं रीळ छापण्याआधी काही तास ड्रायरमध्ये ठेवून घ्यायला सांगा, त्यासाठी भाग एक दिवस उशिरा मिळाला तरी चालेल.