घड डोळ्यातच ठरतो

(नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझा विषय छापलाय ‘गर्भावस्थेतील प्रदूषण आणि बालकाची प्रतिकारशक्ती’. त्याकडे येतेच, पण सुरुवात द्राक्षापासून करते. समोर दिंडोरी, निफाड, पिंपळगावची बरीच मंडळी दिसतायत. त्यांना डोळा म्हणजे काय ते सांगायला नको. शहरातल्यांसाठी सांगते. द्राक्षाच्या काडीवर प्रत्येक पेरापाशी एक फुगीर टिपका असतो, तो डोळा. ऑक्टोबर छाटणीनंतर तो फुटतो, त्यातून कोंब येतो आणि कोंबावर घड दिसतो.

आता बागाईतदारांना विचारते, घड तयार कधी होतो? ऑक्टोबरात? (समोरून दोघातिघांनी ‘एप्रिल’ म्हणून सांगितले.) बरोबर. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत, त्या डोळ्याच्या आत, भिंगाशिवाय दिसणार नाही एवढा घड तयार होतो. तेव्हा ढगाळ हवा राहिली, ऊन मिळालं नाही, पाणी चुकलं, की डोळा वांझ. बाहेरून काडी जाडजूड, हिरवीगार, काही कळत नाही. ऑक्टोबरात छाटणी करता तेव्हा कळतं, आणि मग कितीही खत घाला, औषध मारा, नसलेला घड येत नाही. मी तीस-बत्तीस वर्षं मुलं तपासली. आज मला जे सांगायचंय ते या एका गोष्टीत आहे. बाळाची प्रतिकारशक्तीसुद्धा डोळ्यातच ठरत जाते, आणि आपण तिची चौकशी ऑक्टोबरात सुरू करतो.

हे मला शिकवलं एका बाईनं. दिंडोरी रस्त्याला माझा दवाखाना होता तेव्हाची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. सुरगाण्याकडची एक मुलगी, वीस-एकवीसची असेल, दहा महिन्यांचं बाळ घेऊन आली. बाळाची छाती वाजत होती. सहा महिन्यांतली ही चौथी खेप. अंगावर दूध होतं, लसी वेळच्या वेळी झालेल्या, वजनही वाईट नव्हतं. मी नेहमीचे प्रश्न विचारत गेले. घरात चूल आहे का, कुणी बिडी ओढतं का, कुणाला टीबी झाला होता का. मग विचारलं, ‘‘बाई, तू काम काय करतेस?’’ ती म्हणाली, ‘‘डोळ्याला औषध लाविते.’’

मला वाटलं, कुठल्या तरी डोळ्यांच्या दवाखान्यात मावशी म्हणून असेल. तसंच लिहून घेतलं आणि पुढे गेले. बाळाचा हात धरायला ती पुढे वाकली तेव्हा तिची बोटं दिसली. नखांच्या कडा लाल, टोकांची कातडी सोललेली. मेंदी म्हणावी तर तळवा कोरा. मी विचारलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, ‘‘डोळा म्हंजे द्राक्षाचा डोळा, बाई. पेस्ट.’’

तुम्हाला ठाऊक आहे ती कशाबद्दल बोलत होती. छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. एकेका डोळ्याला, फडक्यानं किंवा स्पंजानं. लावलेला डोळा ओळखू यावा म्हणून त्यात लाल रंग. हातमोजे मिळाले तर ठीक, नाही तर प्लास्टिकची पिशवी मनगटाशी दोऱ्यानं बांधायची, ती तासाभरात फाटते. आदल्या वर्षी ऑक्टोबरात हे बाळ तिच्या पोटात होतं. दिवस भरत येईपर्यंत ती एकरी उक्त्यावर कामाला जात होती. पेस्ट झाली की फुटवे काढायला, मग विरळणीला, आणि डावणी-भुरी या बुरशीरोगांसाठी फवारणीचा ब्लोअर फिरून गेला की त्याच ओल्या पानांत.

त्या बाळाची छाती त्यामुळेच वाजत होती असं मी म्हणणार नाही. एका बाळावरून तसं म्हणता येत नाही. पण एवढी वर्षं मी हा प्रश्न विचारलाच नव्हता, आणि विचारला तेव्हा उत्तर मला कळलं नाही, हे मला आजही टोचतं. आपल्या भाषेनं आपला घातच केलाय. बागेत मारतो ते औषध, आणि मी देते तेही औषध. ती मुलगी मनापासून म्हणत होती की औषधानं काय होणार!

आता २०१० साल आठवा. युरोपनं आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाट, म्हणजे वेलीची वाढ रोखणारं तुमचं लिहोसिन, शोधून काढलं. कंटेनर अडकले, घराघरांत सुतक होतं. त्यानंतर नाशिक जिल्ह्यानं जे केलं त्याचा मला अभिमान आहे. बागांची नोंदणी, फवारणीची वही, काढणीपूर्व किती दिवस थांबायचं याचा तक्ता, प्रयोगशाळेचा अहवाल. आज निर्यातीच्या घडात किलोमागे किती मिलिग्रॅम अंश उरलाय हे दशांश चिन्हापुढच्या आकड्यापर्यंत माहीत असतं. तिकडच्या लेकरानं तो मणी तोंडात घालायच्या आधी आपण एवढी काळजी घेतो, आणि घ्यायलाच हवी. पण तो घड ज्या बाईनं डोळ्यापासून वाढवला, तिच्या रक्तात, तिच्या लघवीत काय आहे याचा एक तरी अहवाल कुणाच्या फायलीत आहे का?

मी एका बैठकीत हे मांडलं होतं. मागणी लहान होती. माता व बाल संरक्षण कार्डावर वजन लिहितात, रक्तदाब लिहितात, हिमोग्लोबिन लिहितात. त्यात एक ओळ वाढवा: ‘काम काय, आणि कशाशी संपर्क?’ समोरचे अधिकारी चांगले होते, चहा दिला, ऐकून घेतलं. म्हणाले, ‘‘मॅडम, आधी पुरावा आणा, मग रकाना.’’ मी म्हटलं, साहेब, रकानाच नसेल तर पुरावा जमा कुठे होणार? तेव्हापासून जिथं बोलवतील तिथं मी हेच बोलते. तुम्ही आज बोलावलंत म्हणून…

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अरे बापरे, मुख्य विषय तर राहिलाच. भरभर सांगते.

गर्भात रक्ताच्या मूळ पेशी आधी पीतककोशात, म्हणजे गर्भाला लागून असलेल्या एका लहान पिशवीत, मग यकृतात आणि नंतर हाडांच्या मगजात मुक्काम करतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, ती सहाव्या-सातव्या आठवड्यापासून घडू लागते. आपलं कोण आणि परकं कोण, हे टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, तिथं शिकतात. बाईला दिवस गेल्याचं जेमतेम कळलेलं असतं तेव्हा हे सुरू होतं. आईची तयार प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंना अडवणारी रक्तातली प्रथिनं, बाळाकडे जातात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणजे नऊ महिन्यांत वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या वेळी घडतात, आणि ज्या वेळी जे घडत असेल त्याला धक्का बसतो. वार, म्हणजे आईकडून बाळाला पोषण देणारी प्लासेंटा, सगळं गाळून घेते हा आपला समज चुकीचा आहे. बेल्जियममधल्या हॅसेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये वारेच्या गर्भाकडच्या बाजूला काजळीचे कण दाखवले. आपल्या चुलीची, डिझेलची असते तीच काजळी.

थायमसचं म्हणाल तर बांगलादेशातल्या मतलब भागात विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक आहे. तिथल्या ज्या आयांच्या लघवीत गरोदरपणी आर्सेनिक जास्त होतं, त्यांच्या बाळांची थायमस सोनोग्राफीत लहान दिसली आणि श्वसनाचे संसर्गही जास्त. हे २००९ साली प्रसिद्ध झालं. लसीकडे या. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर फिलिप ग्रांजां यांच्या गटानं ५८७ मुलांचा अभ्यास २०१२ मध्ये छापला. न चिकटणारी भांडी, पाणी न धरणारं कापड यांत जी फ्लोरिनची रसायनं असतात, त्यांतलं एक आईच्या रक्तात दुप्पट असेल तर पाचव्या वर्षी मुलाची घटसर्पाची प्रतिपिंडं सुमारे ३९ टक्क्यांनी कमी. लस तीच, सुई तीच, वेळ तीच! बालरोगतज्ज्ञ म्हणून मला हे वाचून रात्रभर झोप आली नाही. आपण कार्डावर लसीपुढे बरोबरची खूण करतो आणि निश्चिंत होतो.

आणि आता आपल्यासारख्याच शेतमळ्यांचं. कॅलिफोर्नियात सालिनास नावाचं खोरं आहे, भाजीपाला आणि द्राक्षाचं, मजूर बहुतेक मेक्सिकोकडचे. तिथं बर्कलेच्या विद्यापीठानं गरोदर बायकांपासून सुरुवात करून मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ज्यांच्या आया शेतात राबत होत्या, त्यांच्या मुलांच्या रक्तात दोन वर्षांच्या वयाला ॲलर्जीकडे झुकणाऱ्या टी-पेशी जास्त होत्या. कोस्टारिकात केळीच्या मळ्यांलगत मॅन्कोझेब हे बुरशीनाशक फवारतात, म्हणजे आपलं एम-४५. त्यापासून शरीरात बनणारा घटक गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात ज्या आयांच्या लघवीत जास्त होता, त्यांच्या बाळांना पहिल्या वर्षात छातीचे खालचे संसर्ग जास्त झाले. युरोपीय संघानं २०२० मध्ये मॅन्कोझेबची मान्यता पुढे चालू ठेवायला नकार दिला.

घंटी ऐकली हो. दोनच मिनिटं.

बागाईतदारांनो, तुमच्याकडे येणाऱ्या टोळीत गरोदर बाई असेल तर तिला पेस्टला लावू नका. पेस्टच्या आधी छाटलेल्या काड्या गोळा करायचं काम द्या, आणि मजुरी तेवढीच द्या. मजुरी कापली तर ती पोट लपवेल, सांगणारच नाही. फवारणी झालेल्या प्लॉटमध्ये दुसरा कुणी जाणार नाही तेव्हा तीही जाणार नाही. घरी फवारणीचे कपडे सुनेला हातानं धुवायला देऊ नका. यातल्या कशालाही सरकारी परवानगी लागत नाही.

मागे गावोगावच्या आशा सेविका, आपल्या आशाताई, बसल्यात, त्यांच्यासाठी एक गोष्ट दाखवायला आणलीय. मागच्या महिन्यात पेठकडच्या एका बाईचं कार्ड पाहिलं. तिची परवानगी घेऊन नाव झाकून फोटो काढला, हा बघा. रकाना अजून नाहीच. पण हिमोग्लोबिनच्या खाली समासात, निळ्या पेनानं, कुणा आशाताईनं लिहिलंय: ‘दुसरा महिना. द्राक्षबाग. डोळ्याला पेस्ट लावते. मालकाशी बोलले.’